आपलंच थोबाड

फोटो काढून घेण्याच्या कामात आमचं घराणं पहिल्यापासून कच्चं. आजोबांचा फोटोच नाही. ते दिसायला कसे होते असं कुणी विचारलं, की आजी माझ्या थोरल्या चुलतभावाकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, ‘‘असेच. पन जरा उजय, अन् आयशी नोयते.’’ त्यामुळे आजोबांची आठवण निघाली की तो चुलतभाऊ उठून बाहेर जात असे. बाबांचा एक फोटो आहे, पण तो पूर्ण नाही. त्याची हकिकत पुढे येईलच. राहता राहिलो मी. माझे सगळे फोटो सरकारी आहेत.

शेषनसाहेबांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1993 साली, मतदारांना फोटोची ओळखपत्रं द्यायचं ठरलं. त्यानंतर यथावकाश माझंही निघालं. तेव्हा मी तिशीत होतो. पण त्या फोटोत मी आजच्यापेक्षा म्हातारा दिसतो. हा दोष कॅमेऱ्याचा नाही, रांगेचा आहे. मी उन्हात दोन तास उभा होतो. मागच्या निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या बाईंनी आधी कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं, आणि अत्यंत आदराने म्हणाल्या, ‘‘वडिलांना स्वतः यावं लागेल, काका.’’ पुढे 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी आधार कार्डाचा आरंभ झाला. टेंभलीहून ते बडनेऱ्याला येईपर्यंत तयारीला भरपूर वेळ होता. तरी ऐन वेळी मला शिंक आली.

तर असा मी, वय वर्षे एकसष्ट, गणिताचा सेवानिवृत्त मास्तर, मुक्काम नवी वस्ती, बडनेरा; मला या मे महिन्यात पुण्याहून मुलीचा फोन आला.

‘‘बाबा, तुमचं काम झालं. ऑनलाइन शिकवणीची कंपनी आहे. घरी बसून नववी-दहावीचं गणित शिकवायचं. फक्त त्यांना तुमचा एक प्रोफेशनल हेडशॉट पाहिजे.’’

‘‘काय पाहिजे?’’

‘‘हेडशॉट. प्रोफेशनल.’’

मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मास्तरकीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘मला कळलं नाही’ असं म्हणता येत नाही. ते विद्यार्थ्यांनी म्हणायचं असतं. पण नातू उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे आला होता. तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, ‘‘हेडशॉट म्हणजे आबा, डोक्यात गोळी. एका गोळीत माणूस खल्लास.’’

हे ऐकून स्वयंपाकघरातून आमची मंडळी बाहेर आली. हातात उलथनं. ‘‘कायची कंपनी म्हनते ते? पेन्शन पुरत नाई का तुमाले?’’

खांद्यापासून वरच्या भागाचा व्यवस्थित काढलेला फोटो म्हणजे हेडशॉट, हा उलगडा मुलीच्या दुसऱ्या फोनने झाला. मी म्हटलं, म्हणजे पासपोर्ट फोटो! ती म्हणाली, अजिबात नाही. पासपोर्टच्या फोटोत चेहऱ्यावर काहीही भाव नसायला पाहिजे, असा नियम आहे. हेडशॉटमध्ये भाव पाहिजेत. कोणते? तर आत्मविश्वास आणि आपुलकी. दोन्ही एकाच वेळी. आता दहावी ‘ब’च्या वर्गात मी छत्तीस वर्षं आत्मविश्वासाने वावरलो, आणि आपुलकीनेही वावरलो, पण दोन्ही एकाच तासाला जमल्याचं मला आठवत नाही.

पाठोपाठ कंपनीची एक यादी मोबाइलवर आली. मी ती कागदावर उतरवून घेतली. चौकटीचा किंवा रेघांचा शर्ट नको. चकाकणारं कापड नको. केस फोटोच्या दिवशी कापू नयेत, चार-पाच दिवस आधी कापावेत. आदल्या रात्री आठ तास झोप. भरपूर पाणी. दोन दिवस आधीपासून तेलकट, गोड आणि खारट वर्ज्य. चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

ही यादी करणारा माणूस मे महिन्यात वऱ्हाडात कधी आलेला नसावा. एक तर इथे चौरेचाळीस डिग्रीला रात्री आठ तास झोप लागण्यासाठी माणूस बेशुद्ध असावा लागतो. आमचा कूलर पहाटे तीनपर्यंत गरम हवा टाकतो आणि तीननंतर पाणी. राहता राहिलं खाणं. लग्नसराई चालू. घरी नातू आलेला, त्याच्यासाठी आंबे आणलेले, आणि माझ्या बहिणीने चांदूर बाजारहून सरगुंडे पाठवलेले. ज्यांना सरगुंडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : काडीला गुंडाळून केलेल्या त्या कणकेच्या बारक्या गुंडाळ्या असतात, उकडतात आणि आमरसाबरोबर खातात. खायला बसणारा बसतो, पण उठताना त्याला कुणीतरी हात द्यावा लागतो. मी दोन दिवस ताक पीत बसलो आणि समोर नातू सरगुंडे खात बसला. तिसऱ्या दिवशी हिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘सूज उतरली. पन आता दुखन्यातून उठल्यासारखे दिसता. थोडा रस घ्या, भरल्यासारखं वाटन.’’ रस घेतला. म्हणजे मूळ सूज परत आली.

केसांचं प्रकरण जास्त नाजूक. आमचा कारागीर जुन्या वस्तीतला, माझाच विद्यार्थी. दोन वेळा गणितात नापास झाला, पण आता माझ्यापेक्षा जास्त कमावतो आणि त्याचा हिशेब तोंडी ठेवतो. मी त्याला काळं करण्याविषयी विचारलं. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि विचार केला.

‘‘सर, पांढरे ठेवले तर पोट्टे म्हनतीन, ह्या म्हाताऱ्याले शिकवता शिकवता झोप लागन. काये केले तर म्हनतीन, सर नवीनच लागलेले दिसतात, याइले काई येत नसन.’’

‘‘मग?’’

‘‘मिशी काई करू. डोकं राहू द्या. म्हनजे अनुभव वरते अन् जोर खालते.’’

मी घरी आलो तेव्हा नातवाने मला विचारलं की आबा, कोणाच्या मिशा लावून आलात? चार दिवसांत रंग जरा उतरेल या आशेवर मी रोज दोनदा तोंड धुऊ लागलो. मिशीचा रंग उतरला नाही, आसपासचा उतरला.

यावर तुम्ही म्हणाल, मास्तर, एका फोटोसाठी एवढा काथ्याकूट कशाला? मोबाइलवर काढायचा आणि पाठवून द्यायचा. मुलगीही हेच म्हणाली. तिला मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं कारण आमच्या समोरच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं आहे.

बाबा बडनेऱ्याच्या रेल्वे मालधक्क्यावर कारकून होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की मुंबई-नागपूर-हावड्याची मुख्य लाइन अमरावतीला जात नाही, बडनेऱ्याहून जाते. अमरावतीला फक्त फाटा गेलेला आहे. अमरावतीहून सुटणारी मुंबईची गाडीसुद्धा आधी आमच्याकडे हजेरी लावते आणि मग पुढे जाते. या गोष्टीचा बाबांना फार अभिमान. कापसाच्या गाठी मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असे. आई म्हणायची, धुनकून घ्या आधी, मग आत या.

तर बाबांना फोटोचं वावडं होतं. भीती नव्हे. फार पूर्वी लोकांना फोटोची भीती वाटे. कॅमेरा माणसाचं सत्त्व ओढून घेतो असं ते समजत. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमा काढण्याआधी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला होता, त्यांनाही या समजुतीचा त्रास झाला म्हणतात. बाबांचं म्हणणं निव्वळ व्यवहाराचं होतं. कुणी फोटो काढू या म्हटलं की ते विचारत, ‘‘पैसे देऊन आपलंच थोबाड इकत कायले घ्याचं? ते तं हायेच आपल्यापाशी.’’ यावर उत्तर नव्हतं. माझ्या मामाकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. बाराव्यापर्यंत तो उन्हात आम्हा सगळ्यांना उभं करी. बाबांचा नंबर तेरावा लावून घ्यायची युक्ती बाबांनी शोधून काढली होती.

1979 साली मालधक्क्यावरच्या एका साहेबांना निरोप दिला, तेव्हा ग्रुप फोटो निघाला. बाबा मागच्या ओळीत होते. साहेब म्हणाले म्हणून उभे राहिले, नाहीतर तेही जमलं नसतं. फोटोवाल्याने ‘रेडी’ म्हटलं आणि नेमका तेव्हाच पुढच्या ओळीतला उंच माणूस हार सावरायला डावीकडे झुकला. फोटोत बाबांचा निम्मा चेहरा आला. उजवा. उजवा डोळा, निम्मी मिशी आणि नाकाच्या उजव्या अंगाची चामखीळ. बाकीच्या ठिकाणी त्या माणसाचा कान आहे.

निवृत्तीला एक वर्ष असताना, 1981 साली, बाबा गेले. म्हणजे त्यांचा स्वतःचा निरोप समारंभ झालाच नाही, आणि मधल्या खुर्चीवर हार घालून बसण्याचा हक्काचा एकमेव फोटो हुकला. तेरवीला फोटो पाहिजे म्हणून मोठा भाऊ तो ग्रुप फोटो घेऊन एका फोटोवाल्याकडे गेला. त्या काळी असे कसबी लोक असत. निगेटिव्हवर पेन्सिलने बारीक रेघा मारून ते सुरकुत्या घालवत, देवीचे व्रण बुजवत, एन्लार्जमेंटवर रंग-ब्रशाने हवं ते काढून देत. त्याने उजव्या बाजूवरून डावी बाजू तयार केली. आरशात दिसते तशी. मन लावून केली, एक केससुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. म्हणून आमच्या भिंतीवरच्या बाबांना दोन चामखिळी आहेत. नाकाच्या इकडे एक, तिकडे एक. शिवाय मळका सदरा बरा दिसेना म्हणून त्याने आपल्या मनाने त्यांना कोट चढवला आणि टाय बांधला. पैसे त्याचे वेगळे घेतले नाहीत.

बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. तेरवीला आलेले मालधक्क्यावरचे हमाल फोटोसमोर हात जोडून उभे राहिले आणि एकमेकांना हळूच विचारू लागले, की बाबूसाहेबाचे भाऊ होते का हे?

आई त्यानंतर बावीस वर्षं होती. रोज सकाळी ती पदराने तो फोटो पुसायची आणि पुसता पुसता न चुकता म्हणायची, ‘‘अर्धे तुहे बाबा हायेत, अर्धे त्या फोटोवाल्याचे.’’ आम्ही हसायचो. तीही हसायची. पण हात मात्र तिचा उजव्या अर्ध्यावरच फिरायचा. डाव्या बाजूची धूळ मी शनिवारी पुसत असे.

आता गंमत अशी झाली आहे, की बाबांचा डावा गाल मला आठवत नाही. आठवायला गेलो की ती दुसरी चामखीळ मधे येते.

असो. सोमवारी सकाळी आम्ही निघालो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि ही. फोटो माझा एकट्याचा होता, पण हिचं म्हणणं, तुम्हाला एकटं सोडलं की तुम्ही डोळे मिटता. आदल्या रात्री हिने ट्रंकेतून माझा लग्नातला कोट काढला होता. डांबरगोळ्यांच्या वासाने कूलरसुद्धा खोकला. कोट चढला, पण बटणं आणि काजं यांच्यात आता वीतभर अंतर पडलेलं. ‘‘मागून उसवू,’’ ही म्हणाली, ‘‘फोटोत पाठ कुठी दिसते?’’ उसवलेला कोट पिशवीत, पांढरा शर्ट अंगात, डोक्याला दुपट्टा, दुपट्ट्याच्या आत चार दिवसांपूर्वी कापलेले केस. बडनेरा ते अमरावती दहा किलोमीटर ऑटो. राजकमल चौकाच्या पलीकडे उतरलो आणि दुपट्टा सोडला, तेव्हा केस डोक्याला चिकटून बसले होते आणि मिशीखालून एक काळा ओघळ हनुवटीकडे निघाला होता.

स्टुडिओतला पोरगा पंचविशीचा. खोली थंडगार. पांढऱ्या छत्र्या लावलेले दिवे. मी सवयीने पावडरचा डबा, फणी आणि भिंतीवरचा ताजमहाल शोधू लागलो. काही नव्हतं. एक स्टूल आणि मागे राखाडी कागद.

‘‘बसा काकाजी. हनुवटी खाली. आता कपाळ पुढे आणा. अजून. कासव मान काढते ना, तसं.’’

मी मान काढली.

‘‘आता खांदे सैल. डोळे थोडे बारीक. मनात काही चांगलं आणा.’’

मला सरगुंडे आठवले. ‘‘काकाजी, तोंड बंद,’’ तो म्हणाला.

मी त्याला जरा दम खाऊ द्यावा म्हणून माझी माहिती सांगितली : फोटोचा शोध 1839 साली जगापुढे आला, तेव्हा सुरुवातीला माणसाला इतका वेळ हलायची बंदी असे, की मानेला मागून लोखंडी चिमटा लावून ठेवत. त्या वेळच्या फोटोंत सहसा कुणी हसताना दिसत नाही. आपल्याकडे मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. पोरगा ‘हो का?’ म्हणत होता आणि बोट दाबत होता. मी बोलत असताना त्याने दीडशे फोटो काढले. दीडशे! मामाच्या हिशेबाने साडेबारा रोल. बाबांना हे सांगितलं असतं तर ते खाली बसले असते.

मग त्याने मला मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. ‘‘कोट उगाच आणला काकाजी. एवढ्या गरमीत कायले घालता? हा घ्या.’’ त्याने काहीतरी दाबलं आणि माझ्या अंगावर निळा कोट आला. पुन्हा दाबलं, टाय आला. लाल.

मी एवढ्या जोरात ‘‘नाही’’ म्हणालो, की बाहेर बसलेली एक बाई आत डोकावून गेली.

‘‘फ्रीमध्ये आहे, काकाजी.’’

‘‘तेव्हाही फ्रीच होतं,’’ मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. पण गुणी पोरगा. कोट-टाय काढून घेतले. मी स्क्रीनकडे पाहू लागलो. काहीतरी चुकत होतं. चेहरा माझाच, मिशी न्हाव्याची, ठीक. पण नाकापाशी मोकळं मोकळं वाटत होतं.

‘‘चामखीळ कुठे गेली?’’

‘‘काढली ना. तो डाग धरून आपोआपच साफ होते सगळं. पाच वर्षं लहान दिसता, काकाजी.’’

‘‘ती परत लाव.’’

‘‘परत?’’

‘‘होती तिथे. उजवीकडे. अन् एकच.’’

हा शेवटचा शब्द ऐकून ही खुर्चीतून उठली आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. पोराने चामखीळ परत आणली. आता मात्र मला राहवेना. मी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला आणि स्क्रीनवर माझ्या चेहऱ्याच्या डाव्या निम्म्यावर धरला.

मालधक्का. मागची ओळ. उजवा डोळा, निम्मी मिशी, चामखीळ. ते 1979 साली पंचावन्नचे होते आणि मी आता एकसष्टचा आहे, पण सहा वर्षांचा फरक कुठे जाणवत नव्हता. हिने बाबांना पाहिलं नाही. तिने तो भिंतीवरचाच फोटो पाहिला आहे. तरी ती म्हणाली, ‘‘अगाई.’’

मग मी कागद दुसऱ्या बाजूला सरकवला आणि डावं अर्धं बघत बसलो. त्यात चामखीळ नव्हती. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर चढलेली होती, आणि गालावर एक आडवी घडी होती. ही घडी दाढी करताना आरशात रोज दिसते, पण आरशात ती पलीकडे असते, म्हणून मी तिच्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं. बराच वेळ गेला असावा. पोरगा अदबीने म्हणाला, ‘‘काकाजी, घडी काढू का?’’

‘‘हात लावू नको,’’ ही म्हणाली.

कंपनीला पाठवायची प्रत त्याने मोबाइलवर दिली. मी म्हटलं, एक मोठी कागदावरही काढ, बारा बाय पंधरा. त्याचे पैसे वेगळे पडले. परत येताना ऑटोत ही गप्प होती. बडनेऱ्याचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, ‘‘कोट मांगून उसवला तो आता शिवा लागन.’’

कंपनीने फोटो पसंत केला. मुलीने मोबाइलवर दाखवला. त्यांच्या पानावर शिक्षकांचे चेहरे शर्टाच्या बटणाएवढ्या गोलात येतात. त्या गोलात मिशी तेवढी ओळखू येते. पहिल्याच दिवशी लातूरच्या एका मुलाने पाढा म्हणावा तसं विचारलं, ‘‘सर, आपण मिलिटरीत होता का?’’

मोठा फोटो मात्र अजून लागलेला नाही. मी तो बाबांच्या शेजारी टांगायला खिळा ठोकायला घेतला, तर ही धावत आली. त्या भिंतीवर जिवंत माणसाचा फोटो लावत नसतात म्हणे. म्हणून तो सध्या कपाटात, तिच्या शालूच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे. मागच्या बाजूला तिने बॉलपेनने तारीख घातली आहे, आणि तारखेखाली लिहिलं आहे : ‘पूर्ण आहे. काही काढू-घालू नये.’